ऊन फुकट, व्याज महाग

कोळशावर किंवा वायूवर चालणारे वीजकेंद्र उभारणाऱ्याला इंधनाचे बिल महिन्यामागून महिना भरावे लागते. केंद्र चालू असेपर्यंत, म्हणजे तीस-चाळीस वर्षे, ते येत राहते. ते वीज विकून हाती आलेल्या पैशातूनच भागते आणि विजेची मागणी घटली तर बिलही घटते. सौर किंवा पवन प्रकल्पाचा हिशेब याच्या उलटा आहे. तिथे इंधन फुकट असते, देखभालीला तुलनेने थोडा खर्च येतो आणि पुढच्या पंचवीस वर्षांच्या विजेचा बहुतेक सगळा खर्च उभारणीच्या वर्ष-दोन वर्षांतच करून टाकावा लागतो. पाव शतकाचे इंधन एकगठ्ठा विकत घेऊन ठेवावे, तसाच हा प्रकार आहे. एवढी रोकड सहसा कोणी बाळगून नसतो, म्हणून ती कर्जाऊ घ्यावी लागते, आणि कर्ज म्हटले की व्याज आलेच. विकसनशील देशांतल्या अक्षय ऊर्जेवर बोलताना पॅनेलच्या उतरलेल्या किमतींचा उल्लेख हमखास होतो. युनिटचा दर ठरवण्यात व्याजाचा हात किती मोठा आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

एक साधे गणित करून पाहू. एका सौर प्रकल्पासाठी १०० कोटींचे कर्ज काढले, मग चलन कोणतेही असो, आणि ते वीस वर्षांत सारख्या वार्षिक हप्त्यांनी फेडायचे ठरले. व्याजदर ४ टक्के असेल तर वर्षाचा हप्ता सुमारे ७.३६ कोटी पडतो आणि १२ टक्के असेल तर सुमारे १३.३९ कोटी. पॅनेल तीच, ऊन तेच, वर्षाकाठी तयार होणारी युनिटेही तितकीच. पण १२ टक्क्यांनी कर्ज घेतलेल्या प्रकल्पाला प्रत्येक युनिटमागे कर्जफेडीसाठी ४ टक्के व्याजाच्या तुलनेत ८० टक्क्यांहून अधिक जादा रक्कम काढावी लागते. वायूवरच्या केंद्राच्या खर्चात इंधनाचाच वाटा मोठा असल्याने व्याजदर वाढला तरी त्याच्या युनिटचा दर त्या मानाने थोडाच वाढतो. याचा अर्थ असा की, ज्या देशात पैसा महाग असतो तिथे स्वच्छ वीज आपोआप मागे पडते आणि धूर सोडणारी वीज त्या मानाने स्वस्त भासते. (यात महागाईचा मुद्दाही येतो, हे मान्य केले पाहिजे. जिथे महागाईच ७ टक्के आहे तिथले १२ टक्के व्याज आणि स्थिर चलनातले १२ टक्के व्याज यांचे ओझे सारखे नसते. तरीही महागाई वजा केल्यावर उरणारे अंतर बरेच मोठे असते.)

२०१० पासूनच्या बारा-तेरा वर्षांत मोठ्या सौर प्रकल्पांतल्या विजेचा सरासरी खर्च जगभरात जवळपास ९० टक्क्यांनी उतरला. पॅनेल कोणत्याही देशात जवळजवळ त्याच किमतीला मिळते, पण भांडवलाचे तसे नाही. गुंतवणूकदाराला मिळायला हवा असलेला परतावा आणि बँकेचे व्याज यांची, प्रत्येकाच्या पैशाच्या प्रमाणात काढलेली, सरासरी म्हणजे भांडवलाचा खर्च. आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या पाहणीनुसार विकसनशील देशांतल्या सौर प्रकल्पांसाठी तो श्रीमंत देशांच्या दुपटीहून अधिक आहे. जगातली जवळपास एक पंचमांश लोकसंख्या आफ्रिकेत राहते आणि उन्हाच्या बाबतीत त्या खंडाइतका श्रीमंत दुसरा नाही. तरीही स्वच्छ ऊर्जेत जगभर होणाऱ्या गुंतवणुकीपैकी त्याच्या वाट्याला साधारण २ टक्केच येतात.

बँक व्याज वाढवून का मागते? मोठे वीजप्रकल्प बहुधा अशा कर्जावर उभे राहतात, ज्याची परतफेड केवळ त्या प्रकल्पाच्या उत्पन्नातून व्हायची असते. उत्पन्न थांबले तर मूळ कंपनीच्या इतर मालमत्तेवर बँकेला हात टाकता येत नाही. वाळवंटातली पॅनेल जप्त करून बँकेला फारसा उपयोगही होत नाही. त्यामुळे बँकेच्या लेखी खरे तारण एकच, वीजखरेदी करार. पुढची वीस-पंचवीस वर्षे ठरलेल्या दराने वीज कोण घेणार, पैसे वेळेवर देणार का, आणि सरकार बदलल्यावर करार शिल्लक राहणार का, या प्रश्नांची उत्तरे जितकी डळमळीत तितके व्याज चढे. देशांतर्गत बँकांची अडचण आणखी वेगळी असते. त्यांच्याकडच्या ठेवी एक-दोन वर्षांच्या असतात; त्यांच्या बळावर पंधरा वर्षांचे कर्ज देणे त्यांना झेपत नाही, आणि सरकारी रोख्यांवर चांगले व्याज मिळत असताना ते धाडस करण्याची त्यांना गरजही वाटत नाही.

वीज घेणारी बहुतेक वेळा सरकारी वितरण कंपनी असते, आणि अनेक विकसनशील देशांत ती तोट्यात असते. गळती, चोरी, राजकीय सोयीसाठी खाली ठेवलेले दर, सरकारी खात्यांचीच थकबाकी अशी त्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. दक्षिण आफ्रिकेने २०११ मध्ये स्वतंत्र वीज उत्पादकांसाठी लिलाव सुरू केले. सरकारी वीजकंपनी पैसे देऊ शकली नाही तर सरकार देईल, अशी तजवीज त्यांत होती, आणि चार फेऱ्यांत सौरविजेचा दर पहिल्या फेरीच्या एक तृतीयांशाच्याही खाली आला. पुढे त्याच वीजकंपनीने नव्या करारांवर सही करायचे टाळले आणि २७ प्रकल्प अडकून पडले. अखेर एप्रिल २०१८ मध्ये ते करार झाले. भारतात २०१९ साली आंध्र प्रदेशातल्या नव्या सरकारने आधीच्या करारांतले दर पुन्हा ठरवायला काढले, तेव्हा देशभरातल्या बँका सावध झाल्या. उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये उत्पादकांच्या बाजूने निकाल दिला, पण तोपर्यंत तीन वर्षे गेली होती. सरकारने करार मोडायला काढला, एवढ्या बातमीनेही व्याजदर चढतो आणि त्याची झळ त्या वादाशी काडीचा संबंध नसलेल्या पुढच्या प्रकल्पांना बसते.

मध्य प्रदेशातल्या रीवा येथे याच्या नेमके उलट घडले. ७५० मेगावॉटच्या सौर उद्यानासाठी २०१७ मध्ये लिलाव झाला तेव्हा पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे निघाला, जो त्या वेळी देशात सर्वांत कमी होता. तिथले ऊन काही जगावेगळे नाही. बोली लावण्यापूर्वी जमीन हाती होती, वीज बाहेर नेण्याची सोय जागतिक बँकेच्या सवलतीच्या कर्जातून होत होती, पैसे थकले तर वापरायचा निधी राखून ठेवला होता आणि त्याच्याही मागे राज्य सरकारची हमी होती. बोली लावणाऱ्यांनी आपल्या दरात भीतीपोटी जी रक्कम धरली असती, ती धरण्याचे कारणच उरले नाही. माझ्या मते या विषयातले हे सर्वांत बोलके उदाहरण आहे, कारण इथे अनुदानाने दर पाडलेला नाही. अनिश्चितता एकेक करून काढून टाकल्यावर तो आपसूक खाली आला.

चलनाची गाठ मात्र इतक्या सहज सुटत नाही. परदेशी कर्ज डॉलरमध्ये स्वस्त मिळते, पण विजेचे बिल भरणारा ग्राहक स्थानिक चलनात पैसे देतो. नायजेरियात जून २०२३ मध्ये विनिमयदरावरचे नियंत्रण सैल होण्याआधी एका डॉलरला सुमारे ४७० नायरा पडत; २०२४ च्या अखेरीस १५०० च्या वर पडू लागले. अशा देशात डॉलरमध्ये कर्ज घेणाऱ्याचे उत्पन्न नायरात जसेच्या तसे राहिले, तरी त्याचा हप्ता दीड वर्षात तिपटीहून जास्त झाला. वीजखरेदीचा दर डॉलरशी जोडला की हे संकट उत्पादकावरून उतरून वितरण कंपनीवर जाते. ते नाहीसे होत नाही, कारण ग्राहकांचे बिल तिप्पट करणे कोणत्याही सरकारला परवडत नाही. चलन घसरण्याच्या जोखमीचा विमा उतरवता येतो, आणि विकास बँकांनी २००७ मध्ये त्यासाठीच एक चलन विनिमय निधी उभारला. परंतु कमकुवत चलनांसाठी या विम्याचा हप्ता इतका भारी असतो की स्वस्त डॉलर-कर्जाचा फायदा त्यातच जिरून जातो. यावर टिकाऊ उपाय म्हणजे देशातच, देशाच्या चलनात, दीर्घ मुदतीचे कर्ज उपलब्ध असणे. ब्राझीलने हे काम आपल्या राष्ट्रीय विकास बँकेकरवी केले, तर भारतात अक्षय ऊर्जेला कर्ज देणारी स्वतंत्र सरकारी संस्था १९८७ पासून आहे. या दोन देशांत पवन आणि सौर क्षेत्र मोठे झाले त्यामागे हे एक ठळक कारण आहे, असे मला वाटते.

कधीकधी करार पक्का असतो, पैसा उभा राहतो आणि गाडी भलत्याच ठिकाणी अडते. केनियाच्या उत्तरेकडील तुर्काना सरोवराजवळच्या वाऱ्याच्या पट्ट्यात ३१० मेगावॉटचा पवन प्रकल्प उभारायचे ठरले. एवढी वीज देशाला वापरता येईल का, या शंकेने जागतिक बँकेने २०१२ मध्ये आपला पाठिंबा काढून घेतला. आफ्रिकी विकास बँक आणि इतरांनी पुढे होऊन कर्ज उभे केले. २०१७ मध्ये ३६५ पवनचक्क्या तयार झाल्या. पण चारशेहून अधिक किलोमीटर लांबीची पारेषण वाहिनी बांधणे ही सरकारची जबाबदारी होती, आणि ती सप्टेंबर २०१८ पर्यंत जोडली गेली नाही. तोवर पवनचक्क्या वाऱ्यात नुसत्या उभ्या होत्या, आणि करारानुसार न मिळालेल्या विजेची भरपाई सरकारला द्यावी लागली. पारेषण वाहिनीला स्वतःचे उत्पन्न नसते, म्हणून खासगी पैसा तिकडे फिरकत नाही. आणि वाहिनी नाही म्हणून प्रकल्पाची जोखीम वाढते.

मग सार्वजनिक पैशाने, म्हणजे सरकारे, जागतिक बँक आणि प्रादेशिक विकास बँका यांच्या पैशाने, नेमके करायचे काय? ‘मिश्र वित्तपुरवठा’ असे एक भारदस्त नाव या बाबतीत सतत कानावर येते. त्यामागची कल्पना साधी आहे: खासगी बँक जी जोखीम घ्यायला तयार नाही, तेवढीच सार्वजनिक पैशाने उचलायची. उदाहरणार्थ, दहा प्रकल्पांना मिळून दिलेल्या कर्जापैकी काही बुडाले, तर पहिला ठरावीक तोटा विकास संस्था सोसेल आणि त्यापुढचा बँकेने सोसायचा. किंवा सरकारने करार पाळला नाही, तरच हमीचे पैसे मिळतील. हमी द्यायला रोकड लगेच बाहेर काढावी लागत नाही, त्यामुळे थोड्या पैशात बरेच काम होऊ शकते. झाम्बियात २०१६ साली जागतिक बँक समूहाने जागा, कराराचे मसुदे, कर्ज आणि हमी असे सगळे एकत्र बांधून लिलाव घडवला, आणि युनिटला ६ अमेरिकी सेंटच्या आसपास दर आला. त्या काळी आफ्रिकेत तो अचंबित करणारा होता. त्या दरात सवलतीच्या कर्जाचा वाटा होता आणि ही मदत नसलेल्या शेजारी देशांना उगीचच कमीपणा आला, अशी टीका झाली. ती अगदीच निराधार नव्हती. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये झाम्बियाने आपल्या परदेशी कर्जरोख्यांवरचे व्याज थकवले. सरकारच दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असेल, तर त्याच्या हमीला वजन उरत नाही.

आंतरराष्ट्रीय हवामान परिषदांतल्या मोठ्या आकड्यांकडेही याच नजरेने पाहायला हवे. श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कोपनहेगनला, २०२० पर्यंत विकसनशील देशांसाठी दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले; हा आकडा त्यांच्याच संघटनेच्या हिशेबानुसार २०२२ मध्ये पहिल्यांदा गाठला गेला. २०२४ मध्ये बाकूला २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे लक्ष्य ठरले. पण या रकमांत अनुदान किती आणि कर्ज किती, हा प्रश्न मागेच राहतो. कोळशापासून दूर जाण्यासाठी दक्षिण आफ्रिकेला २०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत ८.५ अब्ज डॉलर देऊ केले गेले. तपशील बाहेर आले तेव्हा त्यात अनुदान ४ टक्क्यांच्या आसपास निघाले, उरलेले बहुतांश कर्ज आणि हम्या. आधीच कर्जाने वाकलेल्या देशाला आणखी कर्ज, तेही परकीय चलनात, देऊन त्याला ‘मदत’ म्हणणे मला खटकते. अनुदानाची थोडी रक्कम पारेषण, वितरण कंपन्यांची डागडुजी आणि प्रकल्पांची पूर्वतयारी यांवर खर्च झाली, तर तिच्यामागून खासगी कर्ज स्वतःहून येऊ शकते.

व्हिएतनामचे उदाहरण मात्र या चौकटीत नीट बसत नाही, आणि म्हणूनच ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. तिथला वीजखरेदी करार परदेशी बँकांना कमकुवत वाटत होता. तरीही २०१७ मध्ये सरकारने सौरविजेला युनिटला ९.३५ सेंट असा भरघोस दर ठराविक मुदतीपुरता जाहीर करताच देशातल्याच बँकांनी आणि उद्योजकांनी धाव घेतली. २०२० संपेपर्यंत छतांवरची धरून १६ गिगावॉटहून अधिक क्षमता उभी राहिली. मग वाहिन्या अपुऱ्या पडल्या आणि तयार होणारी वीज घ्यायलाच जागा उरली नाही.

आता ऊर्जेच्या बचतीकडे वळू. २०२३ च्या दुबई परिषदेत, २०३० पर्यंत अक्षय ऊर्जेची क्षमता तिप्पट करण्याबरोबरच ऊर्जाकार्यक्षमतेतल्या सुधारणेचा वार्षिक वेगही दुप्पट करायचे ठरले, आणि हे दुसरे काम कागदावर सोपे वाटते. कारखान्यातली एक जुनी मोटर घ्या. तिच्या आयुष्यभराच्या खर्चात खरेदीची किंमत नगण्य असते, बाकी सगळे विजेचे बिल. चांगली मोटर थोडी महाग असते, पण सतत चालणार असेल तर जादा पैसे दोन-तीन वर्षांत वसूल होतात. तरीही मालक जुनीच मोटर पुन्हा गुंडाळून घेतो, म्हणजे जळालेली तार बदलून तीच चालवतो, आणि त्यात त्याचे तसे काही चुकत नाही. त्याच्याकडच्या मर्यादित भांडवलातून नवे यंत्र घेतले तर उत्पादन वाढते, हे त्याला दिसते. वाचलेली वीज दिसत नाही. बँकेचीही हीच पंचाईत होते. सौर प्रकल्प वीज विकतो, मीटर फिरते, पैसे येतात. बचतीच्या प्रकल्पातून मात्र येणारे काहीच नसते, जाणारे कमी होते. आणि ‘हे केले नसते तर किती वीज लागली असती’ या अंदाजावर कर्ज द्यायला बँकेचा अधिकारी धजत नाही. त्यात कर्जाची रक्कम लहान, आणि लहान कर्जाच्या छाननीलाही मोठ्या कर्जाइतकेच कष्ट.

यावर काही देशांनी काढलेल्या तोडग्यांत कल्पकता दिसते. थायलंडने २००३ मध्ये पेट्रोलियमवरच्या करातून जमलेला निधी बँकांना बिनव्याजी दिला. अट अशी की त्यांनी तो बचतीच्या प्रकल्पांना जास्तीत जास्त ४ टक्के व्याजाने द्यावा. व्याजातली सूट कारखान्यांना तर हवीच होती, पण खरा फायदा असा झाला की बँकांच्या अधिकाऱ्यांना या प्रकारची कर्जे तपासण्याची सवय लागली. चीनमध्ये जागतिक बँक समूहातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने २००६ पासून बँकांच्या अशा कर्जांतला काही तोटा आपल्या अंगावर घेण्याची हमी दिली, त्यामागेही हाच विचार होता. दुसरी वाट म्हणजे ऊर्जा सेवा कंपनी. ती स्वतःच्या खर्चाने यंत्रे बदलते आणि झालेल्या बचतीतला वाटा काही वर्षे घेते. यात बचत मोजायची कशी यावरून भांडणे होतात, आणि पथदिवे बदलून घेणाऱ्या नगरपालिका पुढे पैसे थकवतात. म्हणजे वीजखरेदीतली जुनीच व्यथा इथे नव्या वेषात भेटते.

घरगुती ग्राहकांच्या बाबतीत सर्वांत चांगला वसुली अधिकारी म्हणजे विजेचे बिल. ट्युनिशियाने २००५ मध्ये सौर पाणीतापकांसाठी योजना आखली. किमतीचा काही भाग अनुदान, बाकीचे पाच वर्षांचे कर्ज, आणि हप्ता राष्ट्रीय वीजकंपनीच्या बिलातच जोडलेला. हप्ता चुकवायचा तर बिल चुकवावे लागणार, आणि मग वीज तुटणार. त्यामुळे बँकांची भीती गेली आणि व्याज उतरले. भारतात २०१४ पासून सरकारी ऊर्जाकार्यक्षमता कंपनीने एलईडी बल्ब घाऊक विकत घेतले. तिचा बल्बमागचा खरेदीदर २०१४ मधल्या सुमारे ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला, आणि बऱ्याच ठिकाणी ग्राहकाला बिलातून महिन्याला १० रुपये असे फेडता आले. या योजनेतून ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले, तेही बल्बवर थेट अनुदान न देता.

जिथे वाहिनीच पोहोचलेली नाही तिथे बिलाची जागा मोबाइलने घेतली. केनियात थोडी आगाऊ रक्कम भरून छोटा सौर संच घरी नेता येतो आणि रोजचा हप्ता मोबाइलवरून भरता येतो. हप्ता चुकला की संच दुरूनच बंद होतो. बांगलादेशाने २००३ पासून सूक्ष्मकर्जाच्या जाळ्यातून चाळीस लाखांवर घरांत असे संच पोहोचवले. नंतर सरकारी वीज गावोगावी आली, लोकांनी हप्ते भरणे सोडले आणि कर्ज देणाऱ्या संस्था अडचणीत आल्या.

अलीकडे पाकिस्तानात जे घडले त्यात ना हमी होती, ना विकास बँक. विजेचे दर भडकल्यावर ऐपत असलेल्या घरांनी, शेतकऱ्यांनी आणि कारखानदारांनी स्वतःच्या खिशातून पॅनेल बसवली; २०२४ या एका वर्षात चीनमधून सुमारे १७ गिगावॉटची पॅनेल देशात आली. परंतु जुन्या वीजकेंद्रांना वीज घेतली नाही तरी द्यावी लागणारी रक्कम, जिचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला आहे, तशीच राहिली, आणि ती भरायला वाहिनीवर उरले ते प्रामुख्याने पॅनेल न परवडणारे ग्राहक. त्यांचा दर चढतो, तो चढला की आणखी काही जण बाहेर पडतात, वितरण कंपनीची थकबाकी वाढत जाते. आणि पुढच्या मोठ्या सौर किंवा पवन प्रकल्पासाठी कर्ज मागायला गेलेल्याला बँक पहिला प्रश्न त्या वितरण कंपनीविषयीच विचारते.